तहाच्या दगडाखालची ओळ

१२ जून २०२५, गुरुवार

नॉटिंगहॅमहून अनयचा फोन येऊन गेला आणि तेव्हापासून मी उगाचच ह्या खोलीतून त्या खोलीत हिंडतोय. माणूस रिटायर झाला, सत्तरीला टेकला, तरी कुणी मोठेपणा दिला की अंगावर मूठभर मांस चढतंच. ह्याची लाज वाटते, पण म्हणून ते उतरत नाही.

अनय इंग्लंडातच जन्मलेला, नॉटिंगहॅमच्या हॉस्पिटलात रजिस्ट्रार, आणि 'मैत्र' ह्या मराठी मंडळाचा नवा सेक्रेटरी. गेल्या वर्षी मैत्र फुटलं आणि 'नवमैत्र' निघालं. दोन मराठी माणसं परदेशात भेटली की तीन मंडळं काढतात, हा विनोद आम्ही सगळेच करतो आणि सगळेच तसं वागतो. आता गणपतीसाठी दोघांनी एकाच हॉलचा एकच वीकेंड मागितलाय.

"काका, हॉलवाले म्हणाले, सॉर्ट इट आउट, नाहीतर दोघांना नाही," अनय म्हणाला. "तुमचा नाव दोन्ही साइडने ओके केलंय. यू आर न्यूट्रल."

न्यूट्रल अशासाठी, की नोकरीची पहिली काही वर्षं मी नॉटिंगहॅमला काढली आणि मग वॉटफर्डला आलो. सगळ्यांना ओळखतो, पण भांडण झालं तेव्हा तिथे नव्हतो. शिवाय मागे एकदा मी त्यांच्याकडे ग्रीक शिलालेखांवर बोललो होतो, त्यातली बाहेरगावच्या पंचांची गोष्ट अनयच्या लक्षात होती. ते ऐकलं आणि मी विरघळलो.

जन्मभर रेडिऑलॉजिस्ट म्हणून सावल्या वाचल्या, आता दगड वाचतो. दर पंधरवड्याला लंडनला आमचा वाचनगट जमतो. जुन्या ग्रीसमध्ये प्रत्येक गाव म्हणजे स्वतंत्र राज्य. भांडण मिटेना, की ते दुसऱ्या गावाकडे वकील पाठवून पंच मागवत. पंच येत, शक्यतो समेट घडवत, नाहीच जमलं तर निकाल देत. मग गाव ठराव करून त्यांचे आभार दगडावर कोरून ठेवी, सोन्याचा मुकुट देई, आणि ठरावाची एक प्रत पंचांच्या गावीही लावावी अशी विनंती करी. त्या काळी गावं एकमेकांशी कशी वागत, हे आज आपल्याला बरंचसं ह्या दगडांमुळेच कळतं.

पंच आधी शपथ घेत. म्हणून मीही दोन्ही मंडळांना मेसेज पाठवला: कुणाच्या घरी जेवणार नाही, कुणाच्या घरी उतरणार नाही, आणि एका बाजूचं म्हणणं दुसरीला सांगताना पदरचा एक शब्द घालणार नाही. स्वातीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "एवढ्या शपथा कशाला? तुम्हाला जायचंय, जा की."

१४ जून, शनिवार

भांडण हॉलचं नाहीच, असं स्वातीचं म्हणणं. बायकोला सगळं माहीत असतं आणि नवऱ्याला ते दोन वर्षांनी कळतं.

मैत्र काढलं ते सुनीतीवहिनी आणि वीणावहिनी ह्या दोघींनी. सुनीतीवहिनींचे यजमान शशिधर माझे सीनियर. वीणावहिनी लग्न होऊन नॉटिंगहॅमला आल्या त्या पहिल्या दिवशी उतरल्या सुनीतीवहिनींकडे, त्यांची पहिली ओटी भरली ती सुनीतीवहिनींनी. त्यानंतर तिथे आलेल्या प्रत्येक नव्या सुनेला पहिलं हळदीकुंकू त्यांचंच. शशिधर गेले २०२३च्या नोव्हेंबरात. जानेवारीत मंडळाचं संक्रांतीचं हळदीकुंकू निघालं, त्यासाठी वीणावहिनींनी बायकांचा व्हॉट्सॲप ग्रुप केला आणि त्यात सुनीतीवहिनींना घेतलंच नाही. त्यांना दुसऱ्या कुणाच्या फोनवर फोटो बघून कळलं. त्या एक शब्द न बोलता मंडळातून बाहेर पडल्या, आणि ज्यांना ही गोष्ट रुचली नव्हती ते त्यांच्यामागून गेले.

मी म्हटलं, पंचापुढे प्रश्न हॉलचा आहे, तेव्हा मी हॉलपुरतंच बघणार. स्वातीनं माझ्याकडे बघितलं आणि ती कपडे वाळत घालायला गेली.

२१ जून, शनिवार, नॉटिंगहॅम

पहिल्याच दिवशी शपथ मोडली. इथे हॉटेलात बसून लिहितोय. शर्टाच्या कफावर आमटीचा डाग आहे आणि तो साबणानं निघत नाही.

सकाळी वीणावहिनींकडे गेलो तो फक्त त्यांची बाजू ऐकायला. उकाडा म्हणजे काय, इंग्लंड आहे की नागपूर अशी शंका यावी. त्यांनी आधी पन्हं दिलं. पन्ह्याला कोण जेवण म्हणतं? मग अळूवडी आली. "चाखून तर बघा, पानं घरच्या कुंडीतली आहेत," असं म्हटल्यावर नाही कसं म्हणायचं? अळूवडीमागून आमटी, भात, श्रीखंड. आणि जेवण झाल्यावर सोफ्यावर मला चक्क झोप लागली. पंच घोरत होता, असं आता सगळीकडे होणार. जागा झालो तेव्हा वीणावहिनींनी अंगावर पातळ चादर घातलेली होती आणि त्यांची बाजू ऐकायची राहूनच गेली होती.

संध्याकाळी सुनीतीवहिनींकडे. दार उघडायला त्यांना वेळ लागला. गुडघा फार वाईट झालाय, काठी घेऊन चालतात. टेबलावर एकाच माणसाचं ताट मांडलेलं होतं, झाकून. माझ्यासाठी असणार. शपथ घेतलेल्या माणसासाठीही त्यांनी स्वैपाक केला होता. मी म्हटलं, भूक नाही. त्यांनी माझ्या कफाकडे बघितलं.

"आमटी वीणाचीच आहे," त्या म्हणाल्या. "गूळ जास्त घालते ती. रंगावरून कळतं."

मी लाजेनं जमिनीत गेलो. त्यांनी ताट उचललं, आत ठेवलं आणि चहा टाकला. मी हॉलचा विषय काढला, तारखा वाटून घेता येतील, एक दिवस तुम्ही, एक दिवस त्या, असं समजावून सांगू लागलो. सामोस आणि प्रीने ह्या शेजारी गावांचं जमिनीचं भांडण किती पिढ्या चाललं आणि ऱ्होड्सच्या पंचांनी दोघांना समोरासमोर ऐकून निकाल कसा दिला, तेही सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"जयंतराव, हॉल त्यांना घेऊ देत," त्या म्हणाल्या. "मला हॉल नको. वीणानं माझ्यासमोर बसून सांगावं, मला का वगळलं. वाटेल ते कारण असू दे. पण तिच्या तोंडून हवं. तेवढं झालं तर मी उद्या नवमैत्र बंद करते."

निघताना त्यांनी विचारलं, वीणाच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं का, रात्री गाडी कोण चालवतं. मी म्हटलं, विचारलं नाही. असल्या अवांतर गोष्टींत शिरलं की मुद्दा बाजूला राहतो.

२२ जून, रविवार

सकाळी पुन्हा वीणावहिनींकडे. चहासुद्धा घेतला नाही. सुनीतीवहिनींचं म्हणणं जसंच्या तसं सांगितलं, पदरचं काही न घालता. इतपत तरी शपथ पाळली.

त्या ओट्याशी उभ्या होत्या. बराच वेळ तोच एक डबा पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, "मला त्यावर काही बोलायचं नाही." मी वाट बघितली. त्यांनी विचारलं, गुडघा कसा आहे तिचा? अजून वरच्याच खोलीत झोपते का? जिना चढवतो का? मी म्हटलं, वहिनी, प्रश्न गुडघ्याचा नाहीये.

निघताना त्यांनी मेतकुटाची बरणी हातात ठेवली. "सुनीतीकडे द्या. माझं नाव सांगू नका. शशिधर गेल्यापासून ती भात टाकत असेल आणि नुसताच खात असेल."

आता हे काय मधेच? मुद्द्यावर बोलायचं नाही आणि मेतकूट पाठवायचं. शिवाय पंचानं एका पक्षाकडून दुसऱ्याकडे भेटी पोचवणं बरं दिसत नाही. काल आमटीत बुडालो तेवढं पुरे झालं. बरणी बॅगेत टाकली आणि स्टेशन गाठलं. आता वॉटफर्डला आणलीय. पुढच्या खेपेला परत करीन.

२९ जून, रविवार

आज जे केलं ते लिहायला हात होत नाही. पण दुसऱ्या कुणाला सांगणार?

हॉलवाल्यांनी पंधरा जुलैची मुदत दिलीय. अनयचे रोज मेसेज. मी सुनीतीवहिनींना फोन केला, तारखा वाटून घेण्याबद्दल शेवटचं विचारायला. त्या म्हणाल्या, "वीणा काय म्हणाली?" मी गप्प. त्याही गप्प. फोनवरची शांतता मला सहन होत नाही. पेशंटला वाईट बातमी द्यायची वेळ आली की मी वॉर्डातल्या डॉक्टरांना पुढे करायचो. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "त्या म्हणाल्या, चूक झाली. फार वाईट वाटतंय त्यांना. समोर बसून बोलायला धीर होत नाहीये, म्हणून माझ्याकडून निरोप."

मग खूप हळू त्यांनी विचारलं, "खरंच असं म्हणाली?"

मी हो म्हटलं.

दगड फुटलेला असला, मधली अक्षरं गेलेली असली, की शिलालेख छापणारे लोक तिथे काय असावं ते अंदाजानं भरतात. त्यात पाप नाही. फक्त भरलेला मजकूर चौकटी कंसात घालायचा, म्हणजे वाचणाऱ्याला कळतं की हे दगडावर नाही, हे आमचं आहे. मीही रिकामी जागाच भरली, असं दुपारभर स्वतःला सांगतोय. कंस तेवढे घातले नाहीत. आणि शपथ होती ती नेमकी कंसांचीच.

लाज वाटते. आणि जोडीला, सुनीतीवहिनी शेवटी "मग एकत्र करू या गणपती" म्हणाल्या तेव्हा जो आनंद झाला, तोही अजून गेलेला नाही. कशाची लाज जास्त वाटते ते कळत नाही.

३० जून, सोमवार

एक खोटं निभवायला दुसरं लागतं. वीणावहिनींना फोन करून सांगितलं, सुनीतीवहिनी म्हणतात, मी रागाच्या भरात मंडळ फोडलं, ते करायला नको होतं.

"असं म्हणाली? सुनीती?"

"हो."

"सुनीती असं म्हणाली." हे त्यांनी विचारलं नाही, नुसतंच म्हटलं. मग म्हणाल्या, बरं, तिला हॉलच्या मागच्या दारानं यायला सांगा, तिकडे पायऱ्या नाहीत.

१३ जुलै, रविवार

झालं. तीस ऑगस्टला दोन्ही मंडळांचा एकच गणपती. दोघी अजून एकमेकींशी बोललेल्या नाहीत, सगळं अनयमार्फत. पण समेट तो समेट. अनय म्हणतो, "काका, यू आर अ लेजंड." स्मृतिचिन्ह म्हणून काय द्यायचं असं त्यानं विचारलं. मी म्हटलं, छे, काही नको. नंतर म्हटलं, द्यायचंच असेल तर हॉलमध्ये छोटीशी पाटी लावा, ग्रीक ठरावासारखी. मग म्हटलं, मजकूर तुम्हाला जमणार नाही, मीच करून पाठवतो.

हा मजकूर: 'सुनीती, वीणा आणि दोन्ही मंडळांनी ठराव केला: वॉटफर्डचे डॉ. जयंत हे बोलावताच आले, दोन्ही बाजूंशी सारखे वागले, आणि दिलेला शब्द पाळून त्यांनी समेट घडवला. तरी त्यांचे आभार मानावेत आणि हा ठराव दगडावर कोरावा, म्हणजे येथील लोक उपकार विसरत नाहीत हे सर्वांना कळेल.'

शेवटचं वाक्य अस्सल आहे, तिकडच्या दगडांवर ते नेहमी असतं. 'दिलेला शब्द पाळून' लिहिताना हात अडखळला, पण काढून टाकलं असतं तर जागा रिकामी दिसली असती. काळा ग्रॅनाइट ठरलाय. कोरणारा माणूस थडग्यांचे दगड करतो.

स्वाती म्हणाली, "स्वतःचं कौतुक स्वतः लिहायचं, आणि थडगीवाल्याकडून कोरून घ्यायचं?" मी तिला सांगितलं, की प्रथेप्रमाणे एक प्रत पंचाच्या गावीही लागते. आपल्या बागेत, गुलाबापाशी शोभेल. ह्यावर ती काहीच बोलली नाही. तिला कल्पना आवडली असावी.

९ ऑगस्ट, शनिवार

जेवायला गुरगुट्या भात आणि वर मेतकूट. दोन घास खाल्ले आणि विचारलं, हे कुठून आणलंस. स्वाती म्हणाली, तुमच्या बॅगेत होतं, जूनपासून तेच तर खातोय. बरणीत तळाशी चमचाभर राहिलंय.

तिला सगळं सांगावं लागलं, फक्त मेतकुटाचं. बाकीचं नाही. ती जेवता जेवता थांबली. "वीणानं सुनीतीला पाठवलं होतं आणि तुम्ही ते दिलं नाहीत?" मी म्हटलं, पंच म्हणून ते योग्य नव्हतं. तिनं पान बाजूला सारलं. एका बरणीपायी एवढं काय, असं मला वाटलं, पण उरलेला भात मीही खाल्ला नाही हेही खरं.

३१ ऑगस्ट, रविवार

काल संध्याकाळी एकटाच घरी आलो. आज दुपारपर्यंत अंथरुणात होतो. आता लिहून टाकतो.

हॉल भरलेला होता. आरती झाली. स्टेजवर दगड, त्यावर शाल. अनयनं माझ्याबद्दल भाषण केलं, शाल काढली, मजकूर वाचून दाखवला. टाळ्या. मी हात जोडले. तेवढ्यात सुनीतीवहिनी काठी टेकत पुढे आल्या आणि त्यांनी माइक मागितला.

"वीणाचा निरोप मला जयंतरावांनी दिला," त्या म्हणाल्या. "चूक झाली असं ती म्हणाली. सगळ्यांच्या देखत सांगते, माझ्या मनात आता काही नाही."

वीणावहिनी पहिल्याच रांगेत होत्या. त्या उभ्या राहिल्या. "मी असं काही बोलले नाही."

वीणावहिनी पुढे म्हणाल्या, "आणि तू म्हणालीस ना, रागाच्या भरात मंडळ फोडलं म्हणून?"

"मी?" सुनीतीवहिनी म्हणाल्या.

मग दोघींनी माझ्याकडे बघितलं. दोघींनी एकदम. काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हटलं, "आशय तोच होता." हे तीन शब्द मी मरेपर्यंत विसरणार नाही. माफी मागायची सोडून मी आशय म्हणालो. मागे माझी स्तुती कोरलेला दगड, समोर दोन्ही मंडळं, आणि पहिल्या रांगेतल्या लहान मुलांनासुद्धा कळत होतं, की हे आजोबा खोटं बोलले.

वीणावहिनी वळल्या आणि किचनमध्ये गेल्या. सुनीतीवहिनी त्यांच्या मागून गेल्या, माइक हातात तसाच, अनयनं धावत जाऊन तो घेतला. दार लागलं. वाढायच्या खिडकीचं शटर पुरतं बंद होत नाही, मी त्याच्याच बाजूला उभा होतो. वीणावहिनी रडत होत्या. "मला वाटलं तू कुंकवाच्या ताटापाशी उभी राहशील आणि तुला कसं होईल," एवढं ऐकू आलं. मग सुनीतीवहिनींचा आवाज चढलेला, "ते मला ठरवू द्यायचं होतंस." मग दोघी एकदम बोलत होत्या. मग, "कुठलं मेतकूट?" मला वाटलं, जमीन फाटावी. म्हणजे तेही निघालं. मग काही वेळ नुसता भांड्यांचा आवाज. आणि मग हसणं. आधी एकीचं, मग दोघींचं, ओढणीत तोंड दाबून हसावं तसं.

हसणारच. कफावरच्या आमटीपासून थडग्याच्या दगडापर्यंत, हसण्यासारखं मी काय कमी केलं होतं? मोदक उकडल्याचा वास यायला लागला होता. मी कुणाला न सांगता मागच्या दारानं, त्या पायऱ्या नसलेल्या दारानं, बाहेर पडलो. स्टेशनवर चीज सँडविच घेतलं आणि तेही टाकून दिलं. गणपतीच्या दिवशी मांडवातून उपाशी पळून येणारा मी पहिलाच पंच असेन.

स्वाती तिथेच राहिली होती, ती आज संध्याकाळी आली. कपाळावर ठसठशीत कुंकू. कुणी लावलं म्हटलं तर म्हणाली, सुनीतीनं, तिनंच सगळ्यांना लावलं, ताट वीणानं धरलं होतं. मी म्हटलं, ते जाऊ दे, माझ्याबद्दल काय बोलत होत्या? का हसत होत्या?

"तुम्हाला लाजतानासुद्धा मध्यभागी बसायचं असतं," ती म्हणाली आणि डबा उघडून दोन मोदक माझ्यापुढे ठेवले. ते दोघींनी मिळून माझ्यासाठी बांधून दिले होते. उपकार म्हणून असतील, नाहीतर टोमणा. मी खाल्ले नाहीत.

४ सप्टेंबर, गुरुवार

दोघींना वेगवेगळं पत्र लिहिलं. काय काय पदरचं घातलं, मेतकूट कुणी खाल्लं, सगळं. 'आशय' हा शब्द कुठेही येऊ दिला नाही. उत्तर नाही. यावं अशी अपेक्षाही नाही.

अनयला फोन करून म्हटलं, तो दगड फोडून टाका. अथेन्सवाल्यांनी थेसलीतल्या एका जुलमी माणसाबरोबरचा तह मोडला तेव्हा त्याचा दगड फोडायचा रीतसर ठराव केला होता. मोडलेल्या तहाचा दगड उभा ठेवू नये.

"नेहमी फोडतात का, काका?"

मला खोटं बोलता आलं असतं. म्हटलं, नेहमी नाही. स्पार्टाबरोबरच्या तहाचा दगड त्यांनी फोडला नव्हता. त्याच्या खाली फक्त एक ओळ वाढवली, की स्पार्टावाल्यांनी शपथ पाळली नाही. मग जो येईल जाईल तो वरचा तह वाचायचा आणि खालची ओळही वाचायचा. त्यापेक्षा फोडलेला बरा.

"ओके," अनय म्हणाला. "मी दोघींना विचारतो. आता कमिटी एकच आहे ना."

वाचनगटाला गेलो नाही. दुसऱ्यांच्या शपथा वाचायची ह्या आठवड्यात इच्छा नाही.

२० सप्टेंबर, शनिवार

फोनवर फोटो आला, खाली एक शब्दही नाही. दगड फोडला नाही. हॉलच्या किचनमध्ये, वाढायच्या खिडकीवर लावलाय. म्हणजे इथून पुढे जो कुणी ताट घेऊन उभा राहील, तो आधी मला वाचणार.

खाली नवी ओळ कोरलीय: 'पंचाने शब्द पाळला नाही. सुनीती, वीणा.'

मी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचलं. तक्रार करायला जागा नाही. वाक्य खरं आहे, आणि त्यात पदरचं काही नाही. कितीतरी वेळ कान गरम होते. बागेत गुलाबापाशी जाऊन उभा राहिलो, जिथे मी प्रत लावणार होतो, आणि शेजारच्या कुंपणावरून कुणी बघत नाही ना, ते पाहिलं.

एक गोष्ट मात्र अर्धवट राहिलीय. वरचा मजकूर त्यांनी तसाच ठेवला. 'समेट घडवला' हे शब्द खोडायला हवे होते, ते तसेच आहेत. राहून गेलं असेल.

स्वातीला फोटो दाखवला. तिनं खूप वेळ पाहिला, हसली, आणि डोळे पुसले. माझी अशी शोभा झालेली बघून तिला हसू यावं ह्याचं वाईट वाटलं, पण बोललो नाही. तो अधिकार आता राहिलेला नाही.

फोटो नीट आलेला नाही. ग्रॅनाइटला चकाकी फार. फोटो काढणारीची सावली दगडात पडलीय, आणि तिच्या खांद्यावर सगळा भार टाकून, काठीशिवाय, आणखी कुणीतरी उभं आहे. त्यामुळे त्या दोन नावांपाशी अक्षरं पुसट झालीत. अनयला दुसरा फोटो मागायला हवा, बाजूनं प्रकाश टाकून, आणि मधे कुणी उभं न राहता.